डावं मागचं चाक

५ जानेवारी

टायर कंपनीची डायरी यंदाही ह्यांच्याच नावाने आली. हे गेले त्याला सहा महिने झाले, पण कंपनीला कोणी कळवलंच नसावं. कळवायचं काम माझंच होतं म्हणा. परत पाठवणार होते, पण कागद हाताला इतका गुळगुळीत लागला की ठेवून घेतली. घरी बोलायला भिंती आहेत आणि दुकानात पैलवान आहे. त्यातल्या त्यात भिंती बऱ्या, उलट उत्तर तरी देत नाहीत. तेव्हा अधूनमधून इथे लिहीन. रोज लिहायची सक्ती नाही, सक्तीचे दिवस बाबांच्या घरी संपले.

पैलवान म्हणजे आमचा फिटर. काडीसारखा माणूस आहे, पन्नाशी उलटली तरी अंगावर मांस धरलं नाही, आणि ट्रकचं चाक एकट्याने उचलतो. ह्यांनी दुकान काढलं त्या दिवसापासून आहे. मला वहिनी म्हणतो आणि मालकीण मानत नाही.

आज मात्र एका गिऱ्हाईक बाईंना मी टायरचं माप स्वतः समजावून सांगितलं, पैलवानाकडे न बघता. बाजूवर लिहिलेलं असतं, १५५/८० आर १३. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या किती टक्के ते. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडव्या गेलेल्या. शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो इंचात! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. ज्याने ही पद्धत काढली त्याने एक वर्ष बाबांच्या वर्गात काढायला हवं होतं. एकक चुकलं की बाबा सगळं गणित खोडायचे, मग उत्तर बरोबर असो नाहीतर नसो.

पहिल्याच पानावर बाबा आले. असू दे.

९ जानेवारी, मंगळवार

काय बोलाफुलाला गाठ म्हणावी! आज बाबा खरंच आले.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दाराशी गाडी लागली आणि मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, पण ती गाडी मी झोपेतही ओळखीन. बाबा उतरले. शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, चालणं तेच, फळ्याकडे निघाल्यासारखं. सरळ पैलवानाकडे गेले आणि म्हणाले, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटते."

पैलवान महा बिलंदर. म्हणाला, "सर, मालकीणबाईंना सांगा. मी नोकर माणूस."

बाबांनी भिंतीवरच्या मापांच्या तक्त्याकडे तोंड केलं आणि तेच वाक्य तक्त्याला ऐकवलं.

मी पैलवानाला म्हटलं, "विचार त्यांना, कधीपासून?"

बाबा चार पावलांवर उभे. पैलवानाला म्हणाले, "सांग, कालपासून."

हवा निम्म्याच्या आसपास उतरली होती. व्हॉल्व्हवरची टोपीही गायब. हवा भरली, नवी हिरवी टोपी लावली. बाबा मान हलवून गेले. पूर्ण वेळात आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पैलवान मध्ये उभा राहून निरोप्याचं काम करत होता आणि त्याला भलतीच मजा येत होती.

सप्टेंबरनंतर आजच दिसले. तेव्हा ते घरी आले होते, दुकान विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये असं सांगायला. सांगायला म्हणजे निकाल द्यायला. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "टायरच्या दुकानात बसलेली मुलगी मला बघवणार नाही." मी म्हटलं, "मग बघू नका." ते उठून गेले. आई असती तर दोघांच्याही पाठीत धपाटा घालून जेवायला बसवलं असतं. ती चार वर्षांपूर्वीच गेली, तेव्हा तिचीही सोय उरली नाही.

वाळले का? एवढंच मनात आलं. शर्ट खांद्यावर सैल वाटला.

१२ जानेवारी

टायर मालकाची चुगली करतो, हे ह्यांचं आवडतं वाक्य होतं. मधली नक्षी झिजली तर हवा जास्त भरतो, दोन्ही कडा झिजल्या तर हवा बघतच नाही, एकच आतली कड गेली तर चाकांची सरळ रेष बिघडली आहे. आज एक गृहस्थ आले, म्हणाले मी फार सांभाळून चालवतो. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा खरवडून निघालेल्या. वळणांवर हा माणूस काय करत असेल ते त्या टायरांनाच ठाऊक. मी काही बोलले नाही. पैलवान बोलला.

संध्याकाळी स्वतःच्या स्कूटरचं मागचं चाक पाहिलं. मागे ह्यांचं वजन असायचं तेव्हा ते लवकर गुळगुळीत व्हायचं. आता नक्षी तशीच आहे. हे चाक आता बरीच वर्षं टिकेल. मला ते टिकायला नको आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

बाबा पुन्हा. तेच चाक, तेवढीच हवा कमी, टोपी पुन्हा नाही.

चाक काढून पाण्याच्या टाकीत बुडवलं. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. एक बुडबुडा नाही. रिमच्या काठाला साबणाचं पाणी लावलं, तिथेही काही नाही. बाबा हात मागे बांधून टाकीशी उभे, परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारताना असायचे तसे. मला घाम फुटला. बेचाळिसाव्या वर्षी, भर थंडीत.

"मिळालं का?" असं त्यांनी पैलवानाला विचारलं.

"वहिनी शोधतायत, सर. वेळ लागेल. घाई नाही ना?"

"छे. मला कसली घाई!"

पैलवानाने त्यांना बसायला टायरांची चळत दाखवली आणि ते बसले. इस्त्रीच्या पँटीने, टायरांवर!

टाकीत हात घालून मी चाक फिरवत होते तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. बाबा वर्षातून एकदा फळ्यावर असं गणित लिहायचे की ज्याला उत्तरच नाही. दिसायला साधं. सगळा वर्ग पानंच्या पानं भरायचा. जो उभा राहून "सर, ह्याला उत्तर नाही" म्हणेल त्याला पूर्ण गुण. मी त्यांच्याच वर्गात होते आणि खालमानेने पान भरत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "बाळ, तुला कळलं होतं. मग उभी का नाही राहिलीस?"

आता इतक्या वर्षांनी माझी पुन्हा परीक्षा चालली आहे. मला हे काम येत नाही, हे त्यांना माझ्याच टाकीत बुडवून सिद्ध करायचं आहे. बघू.

२३ जानेवारी, मंगळवार

व्हॉल्व्ह बदलला. आख्खा. जुना चिरलेला नव्हता, तरी बदलला. टोपी परत हरवली होती. मी न राहवून थेट त्यांनाच म्हटलं, "टोप्या काय खाता का?"

सप्टेंबरनंतरचं हे माझं पहिलं वाक्य. बाबा गोंधळले. म्हणाले, "पडत असेल कुठेतरी."

पैलवानाने तेवढ्यात दोन कप चहा आणून ठेवला. मी सांगितला नव्हता.

३१ जानेवारी

काल बाबांच्या गाडीला स्टेपनी लावून ते चाक मी दुकानातच ठेवून घेतलं. म्हटलं बघू या एकदाचं, कुठे पाणी मुरतंय. आज सकाळी आल्या आल्या मोजलं. काल भरली तेवढीच हवा. तसूभर कमी नाही.

पैलवानाला म्हटलं, "हे कसं काय?"

तो म्हणाला, "टायरला आपलं दुकान आवडतं, वहिनी. घरी एकटं वाटत असेल."

"फालतूपणा पुरे. रिमच्या जोडावर बारीक चीर असणार, गाडीचं वजन पडलं की उघडत असेल."

"हो, वजन पडलं की उघडत असेल," असं म्हणून तो जॅक पुसत बसला. कधीकधी ह्याला कामावरून काढावंसं वाटतं.

दुपारी बाबा चाक घ्यायला आले. म्हणजे ह्या आठवड्यात दोनदा.

६ फेब्रुवारी, मंगळवार

रिम घासून काढली, कडेला गंज होता तो साफ केला, काठ बसवताना लावायचं काळं लुकण दोनदा फिरवलं. बाबा आता येतात ते सरळ चळतीवर जाऊन बसतात. गल्ल्याशेजारी टायरचा कापलेला तुकडा आहे, हे गिऱ्हाइकांना आतले थर दाखवायला वापरायचे. बाबांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि मला विचारलं, पैलवानाला नाही, "हवा नेमकी कोण धरतं? ही तार?"

मी सांगितलं. वरचं जाड रबर रस्त्याशी झटापट करतं. त्याखाली पोलादी तारांचा पट्टा, त्याने आकार राहतो. त्याखाली दोऱ्या. काठाला जाड तार, ती रिमला घट्ट बसते. हवा धरतो तो सगळ्यात आतला थर. सगळ्यांत पातळ, बाहेरून कधी दिसत नाही.

बाबांनी त्या थरावरून बोट फिरवलं. "चांगलं सांगतेस," म्हणाले. मला वाटलं आता चूक काढतील. काढली नाही. कदाचित सापडली नसेल.

मग मी त्यांच्या टायरवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, टायर कधी बनला ते. त्यांनी लगेच हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे तुझी आई होती तेव्हाचे."

नक्षी अजून चांगली खोल आहे, पण बाजूंना बारीक भेगा पडल्यात. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. मी त्यांना सांगितलं, हे टायर आता बदलायला हवेत. ते म्हणाले, "बघू. हवा भरून चालतंय ना सध्या?"

आज दुकान बंद करताना वाटलं, मंगळवार लवकर आला. मग स्वतःवरच चिडले.

१५ फेब्रुवारी

परवाही बाबा आले, हवा परत तेवढीच कमी. ते लिहायचंही जिवावर आलं होतं. आज दादाचा फोन आला आणि डोकंच फिरलं.

दादा दूरच्या शहरात असतो. म्हणाला, बाबांना कायमचं माझ्याकडे न्यायचं म्हणतोय, वय झालं, एकटे आहेत. मी विचारलं, ते काय म्हणतात? दादा म्हणाला, "ते म्हणतात माझं मजेत चाललंय. सकाळी वाचनालय, दुपारी जुने मास्तर जमतात तिथे, संध्याकाळी गाडीने लांब चक्कर. म्हणे घरी टेकायला वेळ नसतो. तू बघतेस ना त्यांना, तुला काय वाटतं?"

घरी टेकायला वेळ नसतो! गावभर हिंडतात, मास्तरांच्या मैफली करतात आणि त्यातून खास वेळ काढून माझी फजिती बघायला येतात. त्या मैफलीत माझाच विषय असेल. सरांची मुलगी, एक पंक्चर सापडेना.

मी म्हटलं, "घेऊन जा. त्यांचं इथे काही अडलेलं नाही."

दादा मग म्हणाला, "बरं, मार्चमध्ये येतो."

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज सोक्षमोक्ष लावला.

बाबा आले, "हवा जरा..." म्हणेपर्यंत मी पैलवानाला मागचे दोन्ही टायर उतरवायला सांगितले होते. एकच बदलून चालत नाही, जोडीने बदलावे लागतात. नवीन रिम, नवीन व्हॉल्व्ह, नवे कोरे टायर. साच्यातून निघालेल्या नव्या टायरवर रबराचे बारीक बारीक केस असतात, ताज्या दाढीसारखे. थोडे दिवस रस्त्यावर फिरले की झडून जातात. बाबा त्या केसांवरून हात फिरवत होते. खाचांमधले लहान उंचवटेही मी दाखवले, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

"इतका खर्च कशाला? हवा भरली असती तरी..."

"नाही," मी म्हटलं. आवाज चढला होता, कळत होतं, थांबवता येत नव्हता. "आता काहीही जुनं राहिलेलं नाही. आता ह्या चाकाची हवा गेली तर मी दुकानाला कुलूप लावते. तुमचंच म्हणणं खरं, मला हे काम जमत नाही, असं चारचौघांत सांगते. मग झालं?"

पैलवानाच्या हातातला पाना खाली पडला.

बाबा चाकाकडे बघत म्हणाले, "कुलूप लावशील?"

"लावीन."

"म्हणजे आता यायची गरज नाही."

"नाही."

"बरं," म्हणाले आणि गाडीत बसले. चहा तसाच राहिला. मी जिंकले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आले नाहीत. हवा गेली नाही, म्हणजे काम पक्कं झालं. पैलवानाला म्हटलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "बघितलं," आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. चहा फक्त स्वतःसाठी आणला.

३ मार्च

काही नाही. दोन पंक्चर, एक बॅलन्सिंग. घरी येऊन दोन माणसांचा भात लावला, असं अजून होतं. उरलेला सकाळी खाल्ला.

६ मार्च, मंगळवार

दुपारी तीनदा बाहेर जाऊन रस्ता बघितला. कंप्रेसरचा आवाज गाडीसारखा वाटतो.

पैलवानाने टायरांची चळत झटकून पुसून ठेवली होती. कोणासाठी, विचारलं नाही. माझी परीक्षा संपली, मी पास झाले आणि मला अजिबात बरं वाटत नाही. हे काय आहे ते मला कळत नाही. माणसाला आपला राग आवडू शकतो का? आठवड्यातून एक दिवस तरी मला कोणाचा तरी राग येत होता.

९ मार्च

दादाचा फोन. अठराला येतोय. बाबा हो म्हणाले, एका शब्दात, वाद न घालता. दादाला आश्चर्य वाटलं. मलाही. बाबा आणि वाद न घालता! दादा म्हणाला, गाडी विकायची आहे, तू रविवारी जाऊन एकदा बघून घे, टायर-बियर कसे आहेत, गिऱ्हाईक विचारेल.

टायर कसे आहेत, मला विचारतो. मीच घातलेत, नवे कोरे.

११ मार्च, रविवार

दुपारी गेले. फाटकातून आत गेल्यावर आधी गाडी लागते, म्हणून आधी गाडीच बघितली. घरात जाण्यापेक्षा ते सोपं होतं.

मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसले. हवा भरपूर. आणि टायरवर केस होते.

सगळे. मधल्या नक्षीवरचेसुद्धा. दुकानातून निघाले तेव्हा होते तसेच. माझ्या दुकानापासून ह्या फाटकापर्यंत रस्ता तो केवढा, तेवढ्याने थोडे वाकले होते, बस. चाक आणि मडगार्डच्या मध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं, चांगलं मोठं. जाळ्याला धूळ धरली होती.

वीस फेब्रुवारीपासून ही गाडी जागची हललेली नाही.

मी पुढच्या चाकांपाशी गेले. ते जुने, आईच्या वेळचे. नक्षी इतक्या वर्षांनी इतकी खोल का, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्या मागच्या टायरचीही तशीच होती, मी स्वतःच तसं लिहिलंय इथे. लोकांच्या टायरवरून मी त्यांची वळणं सांगते. वाचनालय नाही, मास्तर नाहीत, लांब चक्कर नाही. ही गाडी चार वर्षांत कुठेच गेली नव्हती. गेली ती एकाच ठिकाणी, मंगळवारी.

दार उघडंच होतं. बाबा आतल्या खोलीत कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होते, मला आलेलं त्यांना कळलं नाही. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला. खिडकीत आईचा कान तुटलेला कप, तो तिने कधी फेकू दिला नाही. त्यात हिरव्या टोप्या होत्या. व्हॉल्व्हच्या. मी लावलेल्या, एकूण एक. शेजारी एक पेन्सिल, टोक मोडलेली. व्हॉल्व्हमधली सुई दाबून हवा सोडायला पेन्सिल अगदी बरोबर बसते.

मी नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. शहात्तर वर्षांचा माणूस दर सोमवारी चाकाशी वाकून बसत होता, गुडघे दुखत असताना. आणि मी टाकीत बुडबुडे शोधत होते. रडू आलं ते आवरलं नाही, नळाच्या आवाजात चालून गेलं.

आणि मग दुसरी गोष्ट कळली, ती जास्त लागली. नव्या चाकाची हवाही त्यांना सोडता आली असती. पेन्सिल इथेच होती. पण मी म्हटलं होतं, हवा गेली तर कुलूप लावीन.

बाबा दारात आले. "तू? कधी आलीस?"

"गाडी बघायला. दादाने सांगितलं."

"बरोबर आहेत ना टायर?"

"बरोबर आहेत."

ते खिडकीतल्या कपाकडे बघत होते आणि मी बघत नाही असं दाखवत होते. मी म्हटलं, "मंगळवारी गाडी घेऊन या दुकानात."

"का? हवा गेलेली नाही. मी रोज बघतो."

"तरी या."

१३ मार्च, मंगळवार

सकाळपासून काही सुचत नव्हतं. पैलवानाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला दुसऱ्या मंगळवारीच कळलं होतं, वहिनी." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही सरांना येऊ दिलं असतं?"

बाबा नेहमीच्या वेळेला आले. चळतीपाशी गेले, पण बसले नाहीत. आज बसायला कारण नव्हतं ना. मी गल्ल्यावर बसले होते ती उठून उभी राहिले.

"बाबा, ह्या चाकात गळती नव्हती. पहिल्या मंगळवारीही नव्हती."

पैलवान कंप्रेसर बंद करून मागच्या दाराने बाहेर गेला. एवढी समज त्याच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी मान खाली घातली. वर्गात कोणाला असं उभं केलेलं मी पाहिलं होतं, बाबांना कधी नाही. मग म्हणाले, "उभी राहिलीस."

"उशीर झाला जरा."

"मी म्हणालो होतो, तू इथे बसलेली मला बघवणार नाही म्हणून." खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला. "बघायलाच येत होतो. दुसरं काय सांगून येणार?"

मी त्यांना धरून चळतीवर बसवलं आणि चाकापाशी गेले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. हवा मोजली. बरोबर होती. टोपी काढून परत लावली.

"नवीन टायर बसवले की दर आठवड्याला दुकानात आणून दाखवावे लागतात," मी चाकाकडे बघतच म्हटलं. "मंगळवारी. नियम आहे तसा."

"हा नियम मी ऐकला नव्हता."

"दुकानाचा आहे. आजपासून."

"पण दादा रविवारी येतोय. खोकी भरून झाली माझी."

"त्याला सांगा, गाडी दुकानापासून लांब नेली की वॉरंटी जाते. त्याला टायरमधलं काही कळत नाही. मीही सांगते. घेऊन जा असं मीच त्याला म्हटलं होतं, ते मीच परत घेते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. परीक्षेतल्यासारखं नाही. मग वाकून टायरच्या खाचेत बोट घातलं आणि तो लहान उंचवटा चाचपला. "कधीपर्यंत यायचं?"

"टायर झिजेपर्यंत."

बाबांचे ओठ हलत होते, तोंडी हिशेब करताना हलायचे तसे. घर ते दुकान, दुकान ते घर, आठवड्यातून एकदा.

"अगं, ह्या वेगाने झिजायला लागले तर माझी शंभरी उलटेल," ते म्हणाले.

"मग उलटू दे," मी म्हटलं आणि चहा सांगायला बाहेर गेले.